तेविसावा म्हणजे ॲव्हरेज? रमेश कृष्णनवरून घरात झालेलं भांडण

मुरूमकोर्ट | रविवार, रात्री ९:४०

परवा जेवताना भाच्याशी वाजलं. पुण्याला इंजिनिअरिंगला आहे, सुट्टीला आलाय, मोबाइल ताटाशेजारी. मी सहज म्हणलं, आमच्या वेळी रमेश कृष्णन होता, त्याच्यासारखं टेनिस नंतर बघायला मिळालं नाही. पोरानं कडक भाकरीचा तुकडा एका हातात धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं शोधलं आणि निकाल दिला, "मामा, बेस्ट रँकिंग तेवीस. टायटल आठ. ग्रँड स्लॅम शून्य. ॲव्हरेजच की."

तेवीस! आमच्याकडं पोरगं जिल्ह्यात तेविसावं आलं तर गल्लीत पेढे वाटतात. हा जगात तेविसावा.

तरुण मंडळींसाठी थोडक्यात. रमेशचा जन्म १९६१ चा, मद्रासचा. वडील रामनाथन कृष्णन १९६० आणि १९६१ अशी लागोपाठ दोन वर्षं विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोचलेले. वडिलांनी १९५४ ला विम्बल्डनची ज्युनिअर स्पर्धा जिंकली होती, मुलानं १९७९ ला तीच जिंकली, वर त्याच वर्षी पॅरिसचीही. पुढं अमेरिकन ओपनला दोनदा उपांत्यपूर्व फेरी, १९८१ आणि १९८७. विम्बल्डनला एकदा, १९८६. तेविसावा क्रमांक जानेवारी १९८५ चा. १९९३ ला खेळणं थांबवलं, १९९८ ला पद्मश्री. एवढं भाच्याच्या मोबाइलमध्ये होतं.

आता मोबाइलमध्ये नव्हतं ते.

ऐंशीच्या दशकात आपल्या सोलापुरात एका क्लबात मी बॉल उचलायला जायचो. नाव घेत नाही. दोन कोर्टं, मुरमाची. साडेचारला पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, चुन्याच्या पट्ट्या ओढायच्या, मग डॉक्टर, वकील, मिलचे ऑफिसर यायचे. तिथं एक मार्कर होता. मार्कर म्हणजे क्लबाचा पगारी माणूस: मेंबराला जोडीदार नसला की समोर उभा राहायचा, रॅकेटचं गटिंग करून द्यायचा म्हणजे तारा ओढून द्यायचा, लाकडी रॅकेटी रात्री प्रेसमध्ये कसून ठेवायचा, नाहीतर त्या वाकायच्या. वय पन्नाशीचं, उजवा गुडघा गेलेला. पळता यायचं नाही. पण तिशीतले डॉक्टर त्याच्यासमोर घामानं निथळायचे.

कोर्टाच्या एका कोपऱ्याशी नळ होता, तो गळायचा. जाळीच्या पुढं डाव्या अंगाला वीतभर जागा कायम ओली. मार्कर दोन-तीन बॉल निमूटपणे परत द्यायचा आणि मग एक असा काही सोडायचा की तो बरोब्बर त्या ओल्या जागेवर पडून तिथंच बसायचा. उसळणं नाहीच. डॉक्टर धावत येऊन नुसते बघत उभे. एकदा मी विचारलं, तुम्ही जोरात मारत का नाही? म्हणाला, "डॉक्टरसाहेब मारायलेत की. दोघांनी कशाला मारायचं?"

१९८६ च्या विम्बल्डनला शेजाऱ्यांच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर बातम्यांत रमेशची दहा-बारा सेकंदं दाखवली. त्याच वर्षी विम्बल्डननं पांढरा बॉल सोडून पिवळा घेतला होता, आम्हाला काय, दोन्ही सारखेच. पण मी ओरडलो, हा तर आपल्या मार्करसारखा खेळतोय! उंची बेताची, सर्व्हिस नुसती खेळ चालू करण्यापुरती, बॅकस्विंग एवढासा, आणि बॉल हातानं नेऊन ठेवल्यासारखा.

आणि मग जानेवारी १९८९, ऑस्ट्रेलियन ओपन. मॅट्स विलँडर जगात एक नंबर, गतविजेता, आदल्या वर्षी चारपैकी तीन ग्रँड स्लॅम घेतलेला. रमेशनं त्याला पाडलं, पाच सेटच्या झुंजीत. इकडं गड्ड्याची जत्रा चालू होती. रेडिओवर ऐकलं आणि सायकल काढून थेट होम मैदानावर गेलो, कारण मार्कर पोराला घेऊन तिथं असणार हे ठाऊक होतं. पोराला पाळण्यात बसवून खाली उभा होता. मी धापा टाकत सांगितलं. तो वर पाळण्याकडं बघतच म्हणाला, "विलँडरनं मारलं नसेल."

तो असं का म्हणाला ते मला आजतागायत कळलेलं नाही. त्याचा सगळा खेळ तर समोरच्याच्या जोरावर चालायचा. समोरच्यानं मारलंच नाही, तर जिंकायचं कशावर? इथं जाणकार आहेत, सांगा.


हुरडा_आणि_चटणी | रविवार, रात्री १०:०५

भाच्याला म्हणावं, सेमिस्टरला कितवा आलास ते आधी सांग बे.


सातरस्ता | रविवार, रात्री १०:३१

लिहिलंय झकास. पण मी भाच्याच्या बाजूचा.

भावना बाजूला ठेवा. टेनिसमध्ये एकच फटका असा असतो की तो पूर्ण आपल्या हातात असतो, तो म्हणजे सर्व्हिस. रमेशनं तोच फटका चौदा-पंधरा वर्षं समोरच्याला बहाल केला. दुसरी सर्व्हिस म्हणजे तर पाहुण्याला पाटावर बसवून पहिलं ताट वाढायचं. त्याच काळात त्याच देशाचा विजय अमृतराज पहिल्या विसात गेला, का? उंची होती आणि सर्व्हिस होती. १९८६ च्या विम्बल्डनला रमेश उपांत्यपूर्व फेरीत हरला तो स्लोबोदान झिवोयिनोविचकडून. माणूस साडेसहा फुटी, सर्व्हिस तोफेची. तिथं टच, म्हणजे हाताची नजाकत, काय कामाची? बॉल रॅकेटला लागला तर टच.

कौतुक जरूर करा. पण "थोर" म्हणायचं असेल तर मुळातली एवढं मोठं भगदाड झाकू नका.


बेसलाइन | सोमवार, सकाळी ७:५०

आधी एक दुरुस्ती. मुरूमकोर्ट साहेब, पाच सेट नाहीत. दुसऱ्या फेरीची मॅच, ६-३, ६-२, ७-६. सरळ सेटमध्ये, एकही न गमावता. पाच सेट तुमच्या सायकलवर झाले असतील.

आता तेवीसबद्दल. रमेशनंतर आजपर्यंत एकेरीत पन्नासाच्या आत एकही भारतीय पुरुष गेलेला नाही. सोमदेव देववर्मन ६२, सुमित नागल ६८, लिएंडर पेस ७३, प्रजनेश गुणेश्वरन ७५, युकी भांबरी ८३. हे सगळे कष्टाळू, नव्या रॅकेटवाले, जिमवाले. १९८५ पासून आपण तेविसाच्या जवळपाससुद्धा फिरकलो नाही. हे जर ॲव्हरेज असेल तर ते ॲव्हरेज कुणाचं, हे भाच्यानं सांगावं.

शिवाय तो हरला कुणाकडून तेही बघा. १९८१ च्या अमेरिकन ओपनला मॅकेन्रोकडून, पहिला सेट घेऊन. मॅकेन्रोनं ती स्पर्धा जिंकली. १९८७ ला एडबर्गकडून.


मुरूमकोर्ट | सोमवार, सकाळी ९:१२

सरळ सेट?! पस्तीस वर्षं लोकांना पाच सांगतोय मी. भाच्याला हे कळू देऊ नका.


पूर्वभागवाली | सोमवार, दुपारी १:२०

धागा वाचतेय, छान चाललंय, पण सगळ्या पुरुषांनी मिळून "एकही भारतीय" म्हणताना "पुरुष" हा शब्द बेसलाइन यांनी घातला म्हणून वाचले, नाहीतर इथंच धरलं असतं. सानिया मिर्झा एकेरीत २७ वर होती, ऑगस्ट २००७ मध्ये. तेविसापासून चार पावलं. म्हणजे जवळपास कुणीतरी फिरकलंय.

आमचं अर्धं गणगोत हैदराबादला. २००५ च्या फेब्रुवारीत तिनं तिथली डब्ल्यूटीए, म्हणजे बायकांच्या व्यावसायिक टेनिसची, स्पर्धा जिंकली, असं एकेरीचं विजेतेपद मिळवणारी पहिली भारतीय बाई. आमच्या पिन्नी, म्हणजे मावशी, स्वतः स्टेडियमवर जाऊन आल्या होत्या. त्यांना टेनिसचं ओ की ठो कळत नव्हतं, पण रात्री फोनवर आईला फोरहँडचं वर्णन करून सांगत होत्या, हाताची फडी उलटी करून, जणू आईला फोनमधून दिसणार आहे.

सानियाचं मनगट गेलं, शस्त्रक्रिया झाली, पुढं तिनं एकेरी सोडून दुहेरीवर सगळं लावलं. मार्टिना हिंगिसबरोबर सलग ४१ मॅच जिंकल्या, एप्रिल २०१५ मध्ये दुहेरीत जगात पहिली. तिनं आपल्या शरीराला झेपेल असा रस्ता निवडला. रमेश कृष्णन यांना तसं करावंसं का वाटलं नसेल? हात एवढा गोड असताना दुहेरीत तर सोनं केलं असतं.


जुनीमिल | सोमवार, संध्याकाळी ६:४५

टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या. वय चौऱ्याहत्तर.

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर घरात आहे. कृष्णन घराणं म्हणजे एकेरी आणि डेव्हिस कप, म्हणजे देशादेशांच्या संघांची स्पर्धा, एका लढतीत चार एकेरी आणि एक दुहेरी. आजोबा टी. के. रामनाथन स्वतः खेळाडू आणि मुलाचे पहिले गुरू. मुलगा रामनाथन. नातू रमेश. तिघांचा खेळ एकच: समोरच्याचा वेग वापरायचा. रामनाथन यांच्याही सर्व्हिसची लोक टिंगल करत. त्याच सर्व्हिसवर त्यांनी १९६१ च्या विम्बल्डनला रॉय इमर्सनला सरळ सेटमध्ये हरवलं. दोन्ही वर्षी उपांत्य फेरीत ज्यांच्याकडून हरले ते नील फ्रेझर आणि रॉड लेव्हर त्या त्या वर्षीचे विजेते ठरले. तेव्हा क्रमवारीची संगणकाची यादी नव्हती, ती १९७३ ला आली. पत्रकार मंडळी आपापल्या याद्या काढायची.

१९६६ ला मी शाळेत होतो. कलकत्त्याला ब्राझीलशी डेव्हिस कपची लढत, २-२ अशी अडलेली. रामनाथन विरुद्ध टॉमस कॉख. दोन-एक सेटनं मागं, चौथ्यात २-५. वडिलांनी दुसऱ्या दिवशी चाळीच्या कट्ट्यावर पेपर मोठ्यानं वाचला. २-५ ला आले आणि थांबून तंबाखू मळायला लागले. पूर्ण मळून, चुना झटकून, तोंडात टाकून मगच पुढचं वाक्य. रामनाथननी तो सेटही घेतला आणि मॅचही. कट्ट्यावर एकाही माणसानं टेनिसचं कोर्ट पाहिलेलं नव्हतं. भारत पहिल्यांदा अंतिम फेरीत गेला.

मेलबर्नला ऑस्ट्रेलियाशी अंतिम लढत, ती ४-१ नं गेली. तो एक गुण दुहेरीचा, रामनाथन आणि जयदीप मुखर्जी यांनी न्यूकम-रोश जोडीला हरवलं. १९७४ ला पुन्हा अंतिम फेरी, पण समोर दक्षिण आफ्रिका. वर्णभेदाच्या निषेधार्थ आपण खेळलोच नाही. तिसऱ्यांदा गेलो ते १९८७ ला, आणि ते रमेशच्या जिवावर. ते मुरूमकोर्ट यांनी लिहावं, माझी बोटं दुखली.


मुरूमकोर्ट | सोमवार, रात्री ९:०५

काका, तंबाखूसाठी दंडवत.

१९८७. पहिल्यांदा दिल्लीत अर्जेंटिना. त्यात विजय अमृतराजनं तेहतिसाव्या वर्षी मार्टिन जैतेविरुद्ध मॅच पॉइंट वाचवून मॅच काढली. मग दिल्लीतच इस्रायल. मग ऑक्टोबरात सिडनी, गवताचं कोर्ट, समोर ऑस्ट्रेलिया. ऑस्ट्रेलियानं गवतावर घरी कुणाला बोलवायचं म्हणजे आपण पाहुण्यांना मेमध्ये दुपारी दोनला विजापूर वेशीत उभं करण्यासारखं. रमेशनं दोन्ही एकेरी जिंकल्या. पहिली जॉन फिट्झजेराल्डविरुद्ध. नंतर २-२ झालं आणि पाचवी, शेवटची, वॉली मासुरविरुद्ध. ती त्यानं सरळ सेटमध्ये संपवली. सातरस्ता साहेब, भगदाडासकट.

डिसेंबरात अंतिम लढत स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला. यजमानाला कोर्ट निवडता येतं. स्वीडननं काय केलं? बंद स्टेडियममध्ये लाल माती टाकली. आपली मंडळी गवतावरची. ५-० नं गेलो. त्यात रमेशला विलँडरनंच सरळ सेटमध्ये हरवलं. त्यानंतर तेरा महिन्यांनी मेलबर्न, आणि तोच विलँडर.

म्हणून माझा प्रश्न अजून उभा आहे. मार्कर तसं का म्हणाला?


बेसलाइन | सोमवार, रात्री ११:१५

आता मला वाटतं कळलं. तुम्ही मार्करचं वाक्य उलटं धरलंय.

रमेशकडं नसलेली गोष्ट जोर नव्हे, वेळ. सर्व्हिस साधी, त्यामुळं समोरचा पहिल्याच फटक्यावर चढून यायचा. आणि समोरच्याची सर्व्हिस तोफेची असली तर परत द्यायलाही वेळ नाही. झिवोयिनोविच, एडबर्ग, मॅकेन्रो: तिघेही वेळ काढून घेणारे, सर्व्हिस करून जाळीवर येणारे. त्यांच्यापुढं तो कधी कधी चमकायचा, पण कायम घाईत.

विलँडर बरोबर उलटा. मागं उभा राहणार, बॉल परत देणार, पुन्हा देणार, समोरचा कंटाळून चुकेपर्यंत देत राहणार. बहुतेकांना तो यानंच मारायचा, कारण त्यांना स्वतःचा जोर लावून काहीतरी घडवावं लागायचं. रमेशला तसा जोर लावायचा नव्हताच. त्याला हवी असलेली एकच गोष्ट विलँडर फुकट वाटत होता. गोथेनबर्गच्या मातीवर बॉल उसळून खांद्याला यायचा आणि हळू यायचा, तिथं हे चाललं नाही. मेलबर्नचं नवं कोर्ट हार्ड. तिथं रमेश बॉल चढतानाच कंबरेच्या आत पकडायचा, सपाट लावायचा आणि त्याच्यामागून जाळीवर. म्हणजे त्या दिवशी घाईत विलँडर होता.

"विलँडरनं मारलं नसेल" म्हणजे "रमेशला उभं राहून बघायला वेळ मिळाला असेल". गुडघा गेलेल्या माणसाला वेळेची किंमत आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असणार.


सातरस्ता | मंगळवार, सकाळी ८:०२

हे पटलं. म्हणजे तेवीस का, त्याचंही उत्तर यातच आलं. त्या यादीत वरचे बरेचसे वेळ काढून घेणारे होते.

तरी सर्व्हिसवर मी ठाम आहे. थोडी जरी सुधारली असती तर पहिल्या दहात गेला असता.


जुनीमिल | मंगळवार, सकाळी ११:३०

किंवा बाकीचं बिघडलं असतं.


मुरूमकोर्ट | मंगळवार, दुपारी ३:४०

बेसलाइन, तुमची पोस्ट चार वेळा वाचली. बरोबर आहे. मार्कर स्वतः ओल्या जागेवर बॉल कधी सोडायचा? डॉक्टर जोरात मारत असताना नाही. दोन-तीन बॉल नुसते परत द्यायचा, डॉक्टर दमून एखादा हळू टाकायचे, तेव्हा. मी हे शेकडो वेळा बघितलंय आणि कळलं आज, तुमच्यामुळं.

त्या क्लबात मार्करच्या पोराला कोर्टावर रॅकेट धरायची परवानगी नव्हती. बॉल उचलायचा, बस्स. मार्कर त्याला रात्री कोर्ट बंद झाल्यावर भिंतीवर खेळवायचा, रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात. मी दोन-चारदा गेलो होतो. पोराचा बॅकहँड बापासारखा होता. पुढं तो यंत्रमागावर लागला.


पूर्वभागवाली | मंगळवार, दुपारी ४:१५

हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

जुनीमिल काका, दुहेरीचं उत्तर पटलं. पण बार्सिलोनाबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? १९९२ चं ऑलिंपिक. रमेश एकतीस वर्षांचे, जोडीला एकोणीस वर्षांचा लिएंडर. उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेले आणि क्रोएशियाच्या इव्हानिसेविच-प्रपिच जोडीकडून हरले. त्या वर्षी उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोन्ही जोड्यांना कांस्य होतं. म्हणजे पदक एका मॅचवर होतं. चार वर्षांनी अटलांटाला लिएंडरनं एकेरीत कांस्य आणलं. शेजारी उभं राहून त्यानं काय उचललं असेल कोण जाणे. खेळ तर दोघांचा अगदी निराळा.


बेसलाइन | मंगळवार, सायंकाळी ५:००

जाळीजवळचा हात. तो उचलला असणार. १९९३ ला डेव्हिस कपात फ्रान्सला त्यांच्याच मातीवर, फ्रेजूला, हरवलं त्या संघातही दोघं होते.


नवखा_रॅकेट | मंगळवार, रात्री ८:२०

मी नवीन आहे इथं. मुलगी अकरा वर्षांची, दोन वर्षं झाली टेनिस शिकतेय. कुमठा नाक्याच्या क्रीडा संकुलात बायकांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा बघायला नेलं होतं, तेव्हापासून वेड लागलंय. तिला ड्रॉप शॉट, म्हणजे बॉल जाळीपलीकडं अलगद टाकणं, छान जमतो, पण आमचे सर म्हणतात आधी जोर आणा, ही लाडीगोडी नंतर. धागा वाचून गोंधळलो. काय करू?


बेसलाइन | मंगळवार, रात्री ८:५५

सरांचं ऐका. आताचं टेनिस निराळं. १९९७ ला कुर्टेननं पॅरिसची फ्रेंच ओपन जिंकली तेव्हापासून पॉलिएस्टरच्या तारा आल्या, बॉल कितीही जोरात मारला तरी फिरकीनं आत पडतो. विम्बल्डनचं गवतही २००१ पासून बदललंय, बॉल पूर्वीपेक्षा जास्त उसळतो. नुसत्या रमेश पद्धतीनं अकरा वर्षांची पोरगी चौदाव्या वर्षी मार खाईल. पण ड्रॉप शॉट विसरू देऊ नका. घरी खेळवा.


हुरडा_आणि_चटणी | मंगळवार, रात्री ९:१०

भिंतीवर.


मुरूमकोर्ट | बुधवार, रात्री १०:२५

आज भाच्याला घेऊन कोर्टावर गेलो होतो. जुना क्लब नाही, दुसरीकडं, तासावर मिळतं. पोरगं जिमला जाणारं, सर्व्हिस अशी की मला बॉल दिसेना. मी नुसती रॅकेट आडवी धरली. पहिले आठ गुण त्याचे. मग दमला, एक बॉल हळू टाकला. मी तो जाळीच्या पलीकडं सोडला. ओली जागा नव्हती, सिमेंट होतं, त्यामुळं चांगला गुडघाभर उसळला आणि भाच्यानं आरामात येऊन माझ्या डोक्यावरून मारला.

"मामा, हेच ते का?"

म्हणलं, हेच, पण नीट जमलं नाही.

परत येताना सिद्धेश्वर तलावाजवळ चहाला थांबलो, तर मोबाइलवर विलँडरची ती मॅच शोधत होता. मिळाली की नाही माहीत नाही, आवाज बंद ठेवला होता.


नवखा_रॅकेट | बुधवार, रात्री १०:५०

बेसलाइन सर, धन्यवाद. अजून एक, सोलापुरात गटिंग चांगलं कोण करून देतं? मुलीच्या रॅकेटची तार गेलीय, पुण्याला पाठवायला आठ दिवस जातात.


मुरूमकोर्ट | बुधवार, रात्री ११:०२

निरोप पाठवा, पत्ता देतो. यंत्रमाग बंद पडल्यावर मार्करचा पोरगा हेच काम करतो, घरीच. रविवारी सकाळी जा आणि मुलीला सोबत न्या.